दसऱ्याला उजळलेली रायफल

मित्रांनो, माझ्याशी खेळता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी रायफल आहे. वयाने तुमच्या पणजोबांच्या बरोबरीची, आणि आता कुठल्याच उपयोगाची नाही. तरी माझी हकिगत तुम्ही ऐकावी असं मला वाटतं. ती खरी कशी घडली, हे तीन माणसांना ठाऊक आहे. त्यातल्या दोघांनी ते सांगितलं नाही आणि तिसऱ्याचं कुणी ऐकलं नाही. म्हणून मी सांगते.

माझा जन्म बंगालमधला. हुगळीच्या काठी एक मोठा कारखाना होता. तिथे माझी नळी घडवली आणि अक्रोडाच्या लाकडात मला बसवलं. लाकूड माझ्या अंगभर होतं, थेट नळीच्या टोकापर्यंत, कारण गोळ्या झाडून नळी तापली तरी शिपायाला ती धरावी लागते. सगळ्यात शेवटी एका कारागिराने हातोडीने माझ्यावर नंबर ठोकला. चापाच्या वर, उजव्या बाजूला, एक अक्षर आणि पाच आकडे. तोच नंबर माझ्या बोल्टवर ठोकला. बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलून मागून दार लावणारा दांडा. आणि तोच नंबर लाकडाच्या आतल्या अंगावरही. एकच नंबर तीन ठिकाणी कशाला, असं तेव्हा मला वाटलं होतं.

तिथून मी इंदूर संस्थानच्या फौजेत आले. फौजेतली वर्षं मी सुखात काढली. रोज संध्याकाळी बराकीत तेलाचा बोळा नळीतून फिरायचा, आणि हवालदार नळीला डोळा लावून आत डोकवायचा. आत जरा काळं दिसलं की शिपायाची रात्रीची भाजी बंद. माझा शिपाई कधी भाजीवाचून राहिला नाही.

मग देश स्वतंत्र झाला, संस्थानं गेली, फौज मोडली. छत्रीबागेत राहणारे एक सुभेदार होते. त्यांच्या नोकरीची आठवण म्हणून मी त्यांच्याकडे आले. पण लष्करी गोळी साध्या माणसाला ठेवता येत नसे. तेव्हा सुभेदारांनी मला राजवाड्यामागच्या गल्लीत सुधाकर मिस्त्रींच्या दुकानात नेलं. सुधाकररावांचे वडील संस्थानच्या शिलेखान्यात हत्यारं दुरुस्त करायचे. तो हात त्यांच्यात उतरला होता.

सुधाकररावांनी माझं सगळं रूप पालटलं. लष्करी नळी काढून शिकारीची नळी बसवली. तिला जुळेल असा दुसऱ्या बंदुकीचा बोल्ट घातला. अंगभर असलेलं लाकूड अर्ध्यावर कापलं, दस्ता तासून नाजूक केला आणि पाठीवर दोन कड्यांत एक विलायती दुर्बीण बसवली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. शिपायाची बाई सरदाराची झाली, असं सुभेदार म्हणाले. मलाही ते आवडलं. जुना बोल्ट सरकारात जमा झाला आणि कापलेलं लाकूड मिस्त्रींच्या बंबात जळलं. तीन ठिकाणचा माझा नंबर आता एकाच ठिकाणी उरला, याकडे त्या कौतुकात कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही गेलं नाही.

पुढची पंधरा-वीस वर्षं मी बेटम्याच्या पुढच्या रानात फिरले. मी प्राणी मारले, मित्रांनो. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. दुर्बिणीतल्या दोन बारीक काळ्या तारा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे हरणाचा खांदा आला की सुभेदार श्वास रोखायचे. एकदा त्या जागी एक काळवीट आलं आणि पाणी पिता पिता मान वर करून थेट आमच्याकडे पाहत राहिलं. सुभेदारांनी चाप ओढला. दुर्बिणीला ते सगळ्यात जवळून दिसलं, पण त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. नंतर शिकारबंदीचा कायदा झाला. फार बरं झालं.

त्यानंतर मी भिंतीवर गेले. सुभेदार वारले, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब घराचे मालक झाले आणि लायसन्स त्यांच्या नावावर झालं. जुनं घर पाडून चार मजल्यांची इमारत बांधली, तेव्हा मला बैठकीतल्या काचेच्या कपाटात जागा मिळाली. वर्षातून एकच दिवस माझा असे, दसऱ्याचा.

फौजी घरांत दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. पण पूजेआधी हत्यार उजळायचं, आणि ते घरच्या कर्त्या पुरुषाने स्वतःच्या हाताने उजळायचं, अशी अप्पासाहेबांच्या घरची रीत होती. तलवारीला विटेची भुकटी आणि लिंबू लावून घासायचे. ती लखलखली की त्याच हाताने, त्याच भुकटीने मलाही घासायचे. नंतर हळद-कुंकवाचं ओलं बोट, नारळाचं पाणी आणि वर झेंडूची माळ. दुसऱ्या दिवशी मी जशीच्या तशी कपाटात जायचे. तलवारीचं पातं पुसून ठेवता येतं. माझ्या अंगात शंभर फटी आहेत. त्यांत नारळाचं पाणी बसायचं आणि वर्षभर मला खायचं. ज्या दिवशी माझा सगळ्यात मोठा मान होई, त्याच दिवशी मला सगळ्यात जास्त गंज लागे. आणि दर वर्षी त्या भुकटीखाली माझा नंबर केसभर झिजे.

अप्पासाहेब एकोणऐंशी वर्षांचे झाले. छातीचं मोठं ऑपरेशन झालं. मुलगा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला. घरात त्यांच्याजवळ होती ती नात, संहिता. ती एका औषधांच्या कंपनीत नोकरीला होती. वय तिशीच्या पुढे, शांत, कामाला पक्की. अप्पासाहेबांनी ठरवलं की आपल्या डोळ्यांदेखत माझं लायसन्स संहिताच्या नावावर करायचं. बंदूक घराबाहेर गेली तर वडिलांना तोंड कसं दाखवू, असं ते रोज म्हणायचे. संहिताला माझी आवड मुळीच नव्हती. पण आजोबांना हवं आहे म्हटल्यावर तिने सगळे कागद भरले. आता एकच गोष्ट बाकी होती. ठाण्यात मला दाखवायचं, आणि लायसन्सवरचा नंबर माझ्या अंगावरच्या नंबराशी जुळवून घ्यायचा.

पण ठाण्यात न्यायची मला लाज वाटावी, इतकी मी गंजले होते. म्हणून श्रावणात अप्पासाहेबांनी मला पुन्हा त्याच गल्लीत, त्याच दुकानात नेलं. सुधाकरराव कधीच गेले होते. गादीवर त्यांचा मुलगा शरद होता. तोही आता बासष्टीचा. त्याला मुलगा नव्हता, शिकाऊ माणूस नव्हता, बंदुका दुरुस्त करणारं ते दुकान त्याच्यानंतर कुणी चालवणार नव्हतं.

मित्रांनो, शरदसारखे हात मी दुसरे पाहिले नाहीत. पहिल्या दिवशी त्याने मला नुसतं पाहिलं. नंबराजवळ आल्यावर तो थांबला. गंजाच्या तपकिरी डागामध्ये आकडे होते, पण शेवटचे दोन अगदी फिक्के. त्याने त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल फिरवली. सहाच्या सहा खुणा कागदावर उमटल्या. तो कागद त्याने आपल्या नोंदवहीत चिकटवला, खाली तारीख घातली, अप्पासाहेबांचं नाव घातलं. इतका चोख माणूस.

मग काम सुरू झालं. माझे स्क्रू गंजून बसले होते. दुसरा कुणी असता तर पेचकस लावून जोर केला असता. शरदने प्रत्येक स्क्रूवर तेलाचा एक थेंब सोडला आणि आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी ते आपणहून सुटल्यासारखे सुटले. गंज काढायला त्याने कानशीही घेतली नाही आणि पॉलिश पेपरही घेतला नाही. तेल लावायचं आणि तांब्याच्या जुन्या पैशाने हळूहळू खरवडायचं. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि खालचा जुना काळा रंग राहतो. रोज बोटभर जागा. दस्त्यावर पोचे पडले होते, तिथे ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली की दबलेलं लाकूड फुगून वर यायचं. त्यावर अळशीचं तेल, तळहाताने चोळून, दिवसाआड एक हात.

दुर्बिणीला त्याने तीन आठवडे दिले. तिच्या काचांवर आतून बुरशीची जाळी धरली होती आणि दोन तारांपैकी एक तुटली होती. त्याने एकेक कडं सोडवलं, एकेक काच मऊ कागदाने पुसली, आणि केसाहून बारीक तार श्वास रोखून नव्याने ताणून बसवली. मग ती दुर्बीण एकटीच हातात घेऊन तो दुकानाच्या दारात उभा राहिला आणि राजवाड्याच्या सर्वांत वरच्या मजल्याकडे पाहू लागला. कितीतरी वर्षांनी तिच्यातून कुणीतरी कबुतरं नुसती पाहिली.

समोरचा साडीवाला ओरडला, "काय शरद भिया, कुणाची शिकार?"

"उजाला तपासतोय," शरद म्हणाला, आणि लाजून आत आला.

माझं सगळं अंग साफ झालं, पण नंबराभोवतीचा तपकिरी डाग शरदने तसाच ठेवला. तिथे पैसाही लावला नाही. तिथला गंज काढला तर त्याबरोबर आकड्यांच्या कडाही जातील, हे त्याला समजत होतं. आधी ठाण्यात नंबर जुळू दे, मग बघू, असा त्याचा विचार होता.

एवढ्यात दसरा आला. अप्पासाहेब आदल्या दिवशी संहिताच्या गाडीतून दुकानात आले. पूजेला बंदूक घरी हवी, परवा परत आणून देतो म्हणाले. मला पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"अरे शरद, बिलकुल बाबांच्या टायमाची लागतेय. तू तर कमालच केली."

शरदने मान खाली घातली. पूजा कोरडी करा, फूल वाहा, पाणी आणि कुंकू लावू नका, असं त्याने सांगितलं. नंबरापाशी हात लावू नका, हेही सांगितलं, पण हळू आवाजात आणि एकदाच. अप्पासाहेब तेव्हा दुर्बिणीतून गल्ली पाहत होते. मोठ्या माणसाला तीच गोष्ट दोनदा सांगणं शरदला बरं वाटेना.

आणि अजून एक गोष्ट झाली. दुकानातून बंदूक बाहेर गेली की नोंदवहीत लिहायचं आणि नेणाऱ्याची सही घ्यायची, असा नियम आहे. शरदने वही उघडलीसुद्धा. पेन काढलं. अप्पासाहेबांकडे पाहिलं. ज्यांच्या वडिलांना आपले वडील वाकून नमस्कार करायचे, त्यांच्याकडे त्यांच्याच बंदुकीसाठी सही मागायची? आणि तीही एका दिवसासाठी, पूजेसाठी? त्याने वही मिटली. टॉवेलात गुंडाळून त्याने मला स्वतःच्या हाताने गाडीत ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी अप्पासाहेब आंघोळ करून सोवळं नेसून बसले. तलवार घासून झाली. मग त्यांनी मला मांडीवर घेतलं. सगळं अंग काळंभोर, तुळतुळीत, आणि एकाच ठिकाणी तो तपकिरी डाग. त्यांना वाटलं, शरदच्या हातून राहून गेलं. म्हातारा झाला तोही. त्यांनी लिंबाची फोड भुकटीत बुडवली आणि बरोबर तिथे घासायला लागले. त्यांना नीट दिसेना, म्हणून संहिता मोबाईलचा उजेड धरून शेजारी बसली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आजोबा, इथे नंबर आहे ना?"

"नंबर लायसन्सच्या किताबात आहे की. इथे साफ दिसलं पाहिजे. ठाण्यातले लोक काय म्हणतील, सुभेदारांच्या घरचं हत्यार असं?"

तिने उजेड तसाच धरून ठेवला. ते घासत राहिले. एकेक आकडा माझ्या अंगावरून उतरत होता, मित्रांनो, आणि मला घासणारा हात प्रेमाचाच होता. शेवटी ती जागा आरशासारखी झाली. त्यांनी तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि मला नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी मी दुकानात परत आले. अप्पासाहेब खुशीत होते. तुझं राहिलेलं काम मी पुरं केलं, पोरीने उजेड धरला आणि मी घासलं, असं हसत म्हणाले. शरदने मला उजेडात नेलं, भिंगातून पाहिलं, परत पाहिलं. मग तो स्टुलावर बसला. नंबर नसलेली बंदूक जवळ असणं हा केवढा मोठा गुन्हा आहे, हे त्याने अप्पासाहेबांना समजावून सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे आकडे ठोकायचे पोलादी ठसे ओळीने ठेवले होते.

"तुझ्याकडे ठसे आहेत. नंबर तुझ्या वहीत आहे. मारून दे. कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना, अप्पासाहेब," शरद म्हणाला. "आणि तो याच्याहून मोठा गुन्हा आहे."

त्याने दुसरा रस्ता सांगितला. आपण होऊन ठाण्यात जायचं, जे झालं ते लिहून द्यायचं. पुसलेला आकडा सरकारी प्रयोगशाळेत आम्ल लावून वर आणता येतो. पूजेत चुकून घासलं गेलं, यात लपवण्यासारखं काय आहे? त्याने स्वतःच अर्ज लिहिला, वाचून दाखवला. अप्पासाहेब म्हणाले, सही ठाण्यातच करतो. शरदने या वेळीही आग्रह धरला नाही.

त्याच दुपारी ठाण्याचे प्रमुख, टीआय साहेब, यांच्या टेबलावर मला ठेवलं. एका बाजूला अप्पासाहेब आणि संहिता, दुसऱ्या बाजूला शरद, हातात नोंदवही आणि अर्ज. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने अप्पासाहेबांना पाणी मागवलं, खुर्ची दिली. मग मला उलटसुलट पाहिलं आणि गंभीर झाला. "देखिए दादाजी, जिसके पास रहते नंबर मिटा है, केस उसी पर बनेगा," तो म्हणाला, आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

खोलीत तिघंच राहिले. अप्पासाहेब हळूच म्हणाले, "शरद, कोर्टात उभं राहायची माझी ताकद नाही. तुझं तर नुसतं दुकान आहे. माझं घर आहे, बाबांचं नाव आहे."

"अप्पासाहेब, माझं तेवढंच आहे."

संहिता टेबलाच्या कडेकडे पाहत होती.

साहेब परत आला. रायफल कुठे होती, असं त्याने विचारलं. दोन महिने शरदकडे होती, अप्पासाहेब म्हणाले. हे खरंच होतं. शरद पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला. ते वाक्य आलंच नाही. तेव्हा त्याने अर्ज पुढे केला. दसऱ्याला रायफल एक दिवस घरी गेली होती, तेव्हा हे झालं, असं तो सांगू लागला. साहेबाने अर्ज वाचला, खालची कोरी जागा पाहिली आणि सही कुठे आहे म्हणून विचारलं. मग नोंदवही उघडली. रायफल आत आल्याची नोंद होती. शिसपेन्सिलीने उमटवलेला नंबर होता, सहाच्या सहा खुणा स्पष्ट. रायफल बाहेर गेल्याची नोंद नव्हती. कागदावर मी दुकानातून कधी हललेच नव्हते. आले तेव्हा मला नंबर होता आणि आता नव्हता. शरदने माझी काळजी घेऊन जो पुरावा जपला, तोच त्याच्यावर उलटला.

"दशहरे पर घर आई थी?" साहेबाने अप्पासाहेबांना विचारलं.

अप्पासाहेबांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. आपल्याकडे पूजा तलवारीची होते, असं ते म्हणाले. साहेबाने संहिताकडे वळून तोच प्रश्न केला.

शरद तिला म्हणाला, "बेटा, उजेड तूच धरला होतास ना?"

तिने एकदा आजोबांच्या छातीकडे पाहिलं. सदऱ्याच्या गळ्यातून ऑपरेशनचा व्रण दिसत होता.

"नहीं सर," ती म्हणाली. "राइफल घर नहीं आई."

तिचा आवाज अजिबात कापला नाही. ती कामाला पक्की होती, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे. मी त्या तिघांच्या मधोमध पडले होते. माझ्या फटीत दसऱ्याचं कुंकू अजून ओलसर होतं. एखाद्याने वाकून पाहिलं असतं तर त्याला दिसलं असतं. पण कुणी वाकलं नाही. पुढे प्रयोगशाळेत मला नेईपर्यंत ते वाळून झडून गेलं.

प्रयोगशाळेत चार खुणा कशाबशा सापडल्या. शेवटचे दोन आकडे इतक्या वर्षांच्या घासण्याने मुळापासून गेले होते. मी कोण, हे आता कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. दुर्बीण लायसन्सवर लिहिलेली नव्हती आणि ती काही हत्यार नाही, म्हणून साहेबाने ती माझ्या पाठीवरून उतरवून अप्पासाहेबांना परत दिली. सत्तर वर्षं आम्ही एकत्र होतो. संहिताने ती पर्समध्ये टाकली आणि आजोबांचा हात धरून पायऱ्या उतरली. शरद उभा होता तिथून त्या दोघांना जायला वाट हवी होती. तो बाजूला सरकला.

मी ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जप्त वस्तूंच्या कोठडीत आले. इथे खिडकी नाही. पावसाळ्यात भिंत पाझरते. महिन्याभराने एक दिवस दार उघडलं आणि शरद आत आला. हवालदार बरोबर होता. दुकानाचं लायसन्स थांबवलं होतं, म्हणून दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या बंदुका जमा करायला त्याला आणलं होतं. त्याने अकरा बंदुका एकेक करून रॅकवर लावल्या, प्रत्येकीचा नंबर मोठ्याने वाचला, आणि या वेळी प्रत्येक नंबरासमोर सही घेतली. सगळं झाल्यावर त्याची नजर माझ्याकडे गेली. आम्ही समोरासमोर होतो. तो रागावेल असं मला वाटलं. माझ्यामुळेच तर सगळं गेलं होतं. त्याने खिशातून तेलाचं फडकं काढलं आणि माझ्या नळीवर हळूहळू फिरवायला सुरुवात केली.

हवालदार म्हणाला, "रहने दो शरद भिया. इसको तो काटना है."

"कटेगी तब कटेगी," शरद म्हणाला. "तब तक जंग क्यों लगे?"

जिथे माझा नंबर होता तिथे त्याने फडकं नेलं, क्षणभर थांबला, आणि ती जागा न पुसता हात मागे घेतला. मग फडक्याची घडी करून खिशात ठेवली आणि गेला. त्यानंतर मी त्याला पाहिलेलं नाही. हवालदार एकमेकांत बोलतात, त्यातून कळतं. त्याच्या दुकानाचं शटर आता नववा महिना बंद आहे. गल्लीतले लोक अजून त्याच्याशी बोलतात, पण आपल्या घरातली वस्तू त्याच्या हातात देत नाहीत. अप्पासाहेब बरे आहेत. संहिताची बढती झाली. मला कापायला माझ्यावर गॅसची ज्योत केव्हा चालवायची, याचा कागद अजून वरून यायचा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल. आजोबांचं घड्याळ, पणजीची पेटी, काहीही. तिच्यावर प्रेम असेल तर तिला चकचकीत करायला लगेच धावू नका. जो ती वस्तू जाणतो त्याला आधी विचारा, आणि तो 'इथे हात लावू नका' म्हणाला तर का, हे त्याच्याकडून नीट समजून घ्या. त्याचं काम अर्धवट राहिलंय असं वाटलं तरी स्वतः हात घालण्याआधी त्याच्याकडे परत जा. आणि तुम्ही जाणकार असाल, तर समोरचा कितीही मोठा असो, त्याला दोनदा सांगा, त्याची सही मागा. मान राखायचा म्हणून गप्प राहिलात तर त्याची किंमत तुम्हालाच द्यावी लागते.

एवढं करूनही हातून चूक होईल. माणसांच्या हातून होते. तेव्हा ती त्याच दिवशी, स्वतःच्या तोंडाने सांगून टाका. चूक जरा वेळ तशीच पडून राहिली की तिला दुसऱ्याचं नाव लागतं, आणि ते नाव मग कुठल्याही आम्लाने निघत नाही. छत्रीबागेतल्या त्या दोघांना हे शिकवायची वेळ निघून गेली. तुमची अजून गेलेली नाही.